मॉडबस आरटीयूमध्ये सीआरसी जुळत नसेल, तर दोष कसा शोधावा

रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील केळीच्या मळ्यांत ठिबक सिंचनाचे स्वयंचलन बसवताना मॉडबस आरटीयू हा प्रोटोकॉल अनेकदा स्वतःच लिहावा लागतो. पंपाच्या शेडमधील नियंत्रक एका कारखान्याचा, ओलावामापक दुसऱ्याचा आणि पाण्याचा मीटर तिसऱ्याचा असतो, आणि या तिघांना समजणारी भाषा बहुधा हीच एक असते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल साधा आहे, त्यामुळे पहिली आवृत्ती एका दिवसात लिहून होते. पुढचा आठवडा मात्र ‘चेकसम जुळत नाही’ या एका ओळीमागे जातो. चेकसम म्हणजे संदेशाच्या शेवटी जोडलेला तपासणीचा आकडा. तो आठवडा कसा वाचवावा, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

खाली बाइट हेक्स पद्धतीने लिहिले आहेत आणि त्यातील ए ते एफ ही अक्षरे देवनागरीतच ठेवली आहेत. म्हणजे ०ए हा दहा आणि एफएफ हा दोनशे पंचावन्न.

चेकसम नेमके काय सांगतो

समजा, मळ्यात कापणीच्या वेळी घड मोजले आणि गाडी भरताना पुन्हा मोजले. दोन्ही आकडे जुळले, तर वाटेत घड हरवला नाही एवढे कळते. पण कोणत्या शेतकऱ्याचा घड कोणाच्या खात्यात गेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. नुसती बेरीज करून काढलेल्या चेकसमचेही तसेच आहे. ०१ ०३ आणि ०३ ०१ यांची बेरीज सारखीच येते, म्हणून बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरजेला पत्ता लागत नाही. मॉडबस आरटीयू त्यासाठी सीआरसी नावाचा सोळा बिटांचा चेकसम वापरतो. त्यात प्रत्येक बिटाच्या जागेला महत्त्व असते आणि सलग सोळा बिटांपर्यंतच्या पट्ट्यात झालेला कोणताही बिघाड तो हमखास पकडतो.

मात्र पकडल्यानंतर तो फक्त ‘नाही’ म्हणतो. बाइट तारेवर बिघडला, लॅपटॉपच्या ड्रायव्हरने बदलला, की मोजणारे गणितच चुकीचे लिहिले आहे, हे त्या नकारातून समजत नाही. म्हणून नकार मिळाल्यावर लगेच गणिताच्या फंक्शनमध्ये हात घालू नये. मी स्वतः अनेकदा तसे केले आहे आणि बरोबर चालणारे गणित बिघडवून ठेवले आहे.

आधी कच्चे बाइट

पहिले काम एकच. पाठवलेली आणि आलेली प्रत्येक फ्रेम, म्हणजे एक संपूर्ण संदेश, कोणतीही छाटणी न करता, मिलिसेकंदांपर्यंतच्या वेळेसह फाइलमध्ये उतरवावी. सीआरसी जुळला नाही म्हणून फ्रेम टाकून देणाऱ्या ओळीच्या आधीच ही नोंद व्हायला हवी, कारण बहुतेक प्रोग्रॅम चांगली फ्रेम जपून ठेवतात आणि जी पाहायची असते तीच फेकून देतात. नोंदीत आलेला सीआरसी आणि आपण मोजलेला सीआरसी हे दोन्ही शेजारीशेजारी लिहावेत. युआर्टच्या (तारेवर एकेक बिट पाठवणाऱ्या-वाचणाऱ्या चिपच्या भागाच्या) फ्रेमिंग, पॅरिटी (बाइटासोबतचा तपासणीचा बिट) आणि ओव्हररन या तीन चुकांचे मोजमापही सोबत ठेवावे. फ्रेमिंगची चूक दिसत असेल, तर बिट नीट वाचलेच गेलेले नाहीत आणि सीआरसी आपले काम चोख करत आहे. ओव्हररन दिसत असेल, तर आपला प्रोग्रॅम बाइट वेळेवर उचलत नाही.

ही नोंद हाती आली की एकच प्रश्न विचारावा: सीआरसी दरवेळी चुकतो की कधीकधी? दरवेळी चुकत असेल, तर बहुधा दोन्ही बाजूंनी सीआरसीची व्याख्याच वेगवेगळी धरली आहे आणि दोष टेबलावर बसून सापडतो. कधीकधी चुकत असेल, तर गणित बरोबर असण्याची शक्यता मोठी असते आणि शोध तार, वेळ किंवा विशिष्ट बाइट यांच्या दिशेने न्यावा लागतो. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की दिवस वाया जातात.

दरवेळी चुकत असेल तर

‘सोळा बिटांचा सीआरसी’ या नावाखाली अनेक प्रकार वावरतात. त्यांच्यात बहुपदी (गणितात वापरायचा ठरलेला आकडा), सुरुवातीची किंमत, बिट उलटे घ्यायचे की सुलटे आणि शेवटी उलटवायचे की नाही, एवढाच फरक असतो. मॉडबसची बहुपदी ८००५ आहे. बिट उजवीकडे सरकवून मोजताना तीच ए००१ होते. सुरुवात एफएफएफएफ पासून होते आणि शेवटी काहीही उलटवायचे नसते.

आपले फंक्शन कोणता प्रकार मोजते, हे ओळखण्यासाठी त्याला १ ते ९ या अंकांची अक्षरे, म्हणजे ३१ पासून ३९ पर्यंतचे नऊ बाइट द्यावेत. उत्तर ४बी३७ आले, तर प्रकार बरोबर आहे. बीबी३डी आले, तर सुरुवात शून्यापासून झाली आहे. बी४सी८ आले, तर शेवटी सर्व बिट उलटवले गेले आहेत. एईई७ आले, तर बिटांची दिशा चुकली आहे, आणि एफईई८ आले, तर दिशा आणि सुरुवात दोन्ही चुकल्या आहेत. २९बी१ किंवा ३१सी३ दिसले, तर आपण १०२१ या वेगळ्याच बहुपदीचे गणित कोठून तरी उचलले आहे. हे आकडे मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवून ठेवले आहेत, आणि नव्या मुलांना काम शिकवताना तो कागद पहिल्या दिवशी देतो.

यानंतर बाइटांचा क्रम पाहावा. पहिल्या यंत्राकडून पहिले एक रजिस्टर (यंत्रात किंमत ठेवण्याची जागा) मागणारी फ्रेम ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए अशी असते. येथे सीआरसीची किंमत ०ए८४ आहे, पण तारेवर खालचा बाइट, म्हणजे ८४, आधी जातो. मॉडबसमध्ये रजिस्टरचा पत्ता आणि त्याची किंमत वरच्या बाइटापासून, आणि सीआरसी तेवढा खालच्या बाइटापासून पाठवला जातो. ही विसंगती पहिल्यांदा लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला चकवते. नोंदीत आलेल्या आणि मोजलेल्या सीआरसीत फक्त दोन बाइटांची अदलाबदल दिसत असेल, तर शोध येथेच संपतो.

आता एका दोषाकडे जरा जवळून पाहू, कारण वरची नऊ अंकांची चाचणी त्याला पकडू शकत नाही. मॉडबसच्या सीआरसीचा एक गुण असा की संपूर्ण फ्रेमवर, शेवटच्या दोन सीआरसी बाइटांसह, गणित चालवले की उत्तर शून्य येते. वरच्या फ्रेमचे पहिले सहा बाइट संपल्यावर हाती ०ए८४ असते. त्यात पुढचा बाइट ८४ एक्सऑर केला (बिट सारखे तेथे शून्य, वेगळे तेथे एक) की ०ए०० उरते. खालचे आठही बिट शून्य असल्यामुळे आठ वेळा सरकवताना बहुपदी एकदाही मध्ये येत नाही आणि ०००ए उरते. त्यात शेवटचा ०ए मिसळला की शून्य.

सी भाषेत बाइट ठेवायला साधा ‘चार’ (char) हा प्रकार वापरला असेल आणि कंपायलर त्याला चिन्हासह धरत असेल, तर ८४ हा बाइट ऋण ठरतो आणि एक्सऑर करताना त्याचे रूप एफएफ८४ होते. मग ०ए०० ऐवजी एफ५०० उरते, आठ सरकांनंतर ००एफ५ येते, त्यात ०ए मिसळला की ००एफएफ होते आणि शेवटी शून्याच्या जागी ४०४० मिळते. ३१ ते ३९ हे सगळे बाइट ८० पेक्षा लहान असल्यामुळे त्या चाचणीत ४बी३७ अगदी बरोबर येते आणि माणूस निर्धास्त होतो. त्यात आणखी गोंधळ असा की लॅपटॉपवरचे कंपायलर सामान्यतः चिन्हासह धरतात आणि एआरएम बोर्डावरचे बिनचिन्ह, म्हणून तोच कोड एकीकडे चालतो आणि दुसरीकडे रुसतो. यावर उपाय म्हणून बाइटांसाठी बिनचिन्ह आठ बिटांचा आणि सीआरसीसाठी बिनचिन्ह सोळा बिटांचा प्रकार स्पष्टपणे लिहावा, आणि नऊ अंकांच्या जोडीला ही शून्याची चाचणीही कायम ठेवावी.

दरवेळीच्या चुकीत आणखी एक प्रकार येतो तो किती बाइटांवर मोजायचे याचा. यंत्राचा पत्ता सोडून दुसऱ्या बाइटापासून मोजणे, किंवा पाठवायच्या स्ट्रक्चरमध्ये कंपायलरने भरलेले रिकामे बाइटही मोजणीत घेणे, या चुका नोंदीतील फ्रेम हाताने मोजली की लगेच उघड होतात. आलेले बाइट मुळातच अर्थहीन दिसत असतील, तर सीआरसी बाजूला ठेवून बॉड (बिटांचा वेग), पॅरिटी आणि संवादाच्या ए व बी या दोन तारांची अदलाबदल तपासावी. या दोन तारांना कोणते अक्षर द्यायचे, यावर सर्व उत्पादकांचे एकमत नाही.

कधीकधी चुकत असेल तर

येथे चुकलेल्या फ्रेम एकत्र ठेवून त्यांच्यात समान काय आहे, ते पाहावे लागते. माझ्या अनुभवात हे साम्य बाइटाच्या किमतीत, फ्रेमच्या लांबीत किंवा दिवसाच्या वेळेत, या तिघांपैकी एकात सापडते.

किमतीचे उदाहरण आधी घेतो. एका मळ्यात ओलावा २६.९ टक्के झाला की वाचन बंद पडायचे आणि २६.८ किंवा २७ झाला की पुन्हा सुरू व्हायचे. शेतकरी दादांनी हे स्वतःच टिपून ठेवले होते आणि मी आधी त्यावर विश्वास ठेवला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मापक दशांशासाठी किंमत दहापट करून पाठवतो. २६९ म्हणजे ०१०डी. लिनक्सच्या सिरीयल पोर्टवर, टर्मिनलसाठी असलेल्या सोयीमुळे, आत येणारा ०डी हा बाइट गुपचूप ०ए केला जातो. बाकी सर्व बाइट जसेच्या तसे येत होते, म्हणून नोंदीत फक्त एका जागी ०१ ०डी ऐवजी ०१ ०ए दिसत होते आणि सीआरसी ते नाकारत होता. त्या नकाराऐवजी आकडा स्वीकारला गेला असता, तर २६९ चा २६६ झाला असता आणि कोणाच्याही लक्षात आले नसते.

याच जातीचा दुसरा दोष ११ आणि १३ या बाइटांचा. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला असेल, तर पोर्ट त्यांना ‘सुरू कर’ आणि ‘थांब’ असे इशारे समजून गिळून टाकतो, आणि फ्रेम एक बाइट आखूड येते. दोन्हींवर उपाय एकच: पोर्ट उघडताच तो पूर्णपणे कच्च्या अवस्थेत न्यावा, म्हणजे ओळीच्या खुणांचे रूपांतर, फ्लो कंट्रोल, आठवा बिट छाटणे आणि प्रतिध्वनी हे सारे बंद करावे. फाइल टेक्स्ट प्रकारे पाठवताना तिचा चेकसम बदलतो, त्यामागेही ओळीच्या खुणांचे हेच रूपांतर असते.

लांबीचा दोष फ्रेम कोठे संपते, या प्रश्नातून येतो. मॉडबस आरटीयूमध्ये शेवटाची खूण नसते. साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे फ्रेम संपली. ९६०० बॉडला अकरा बिटांच्या अक्षराने ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते, आणि १९२०० च्या वर ती १.७५ मिलिसेकंद धरण्याची शिफारस आहे. यूएसबी कन्व्हर्टर मात्र बाइट साठवून गठ्ठ्याने देतात. काहींमध्ये हा विलंब मुळातच १६ मिलिसेकंदांचा ठेवलेला असतो, त्यामुळे एकच फ्रेम लॅपटॉपवर दोन तुकड्यांत पोहोचते आणि दोन्ही तुकडे नापास होतात. लॅपटॉपच्या बाजूने वाचताना शांततेवर विसंबण्यापेक्षा लांबी मोजावी: ०३ या मॉडबस फंक्शनच्या (रजिस्टर वाचण्याच्या आज्ञेच्या) उत्तरात तिसरा बाइट माहितीची लांबी सांगतो आणि त्यात पाच मिळवले की पूर्ण फ्रेम होते. यंत्राने नकार दिला, तर फंक्शनचा सर्वात वरचा बिट चढतो, ०३ चे ८३ होते, आणि फ्रेम अवघी पाच बाइटांची असते. ही शक्यता विसरून प्रोग्रॅम सात बाइटांची वाट पाहतो, पुढच्या उत्तराचे दोन बाइट ओढून घेतो आणि तेथून पुढे सगळ्याच फ्रेम घसरत जातात.

मॉडबस आरटीयू बहुधा ज्यावर चालतो त्या आरएस-४८५ या जोडणीच्या दोन तारांवर पाठवणे आणि ऐकणे आळीपाळीने होते, म्हणून पाठवणाऱ्याने शेवटचा बिट गेल्यावरच तार सोडायची असते. ‘बफर रिकामा झाला’ हा झेंडा (चिपने दाखवलेली खूण) पाहून तार सोडली, तर शेवटचा बाइट अजून अर्धा आतच असतो. बाइटाचे खालचे बिट आधी जातात आणि सोडलेली तार एकच्या स्थितीत येते, त्यामुळे ०ए च्या जागी समोरच्याला एफए मिळते. नोंदीत नेहमी फक्त शेवटचाच बाइट बिघडलेला आणि त्याचे वरचे बिट एक झालेले दिसले, तर कोडमधील ती ओळ बदलून ‘पाठवणे पूर्ण झाले’ हा झेंडा वापरावा.

राहिली दिवसाची वेळ, आणि आपल्या भागात हिचे महत्त्व फार आहे. शेतीच्या थ्री फेज वीजपुरवठ्याची पाळी कधी दिवसा असते, कधी रात्री. चुकांच्या वेळा आणि मोटार सुरू होण्याच्या वेळा शेजारी लिहिल्या आणि त्या जुळल्या, तर स्टार्टरच्या झटक्यावर संशय घ्यावा. संवादाची तार पंपाच्या केबलसोबत एकाच चरातून नेलेली असते, असे मला वारंवार आढळले आहे. ती वेगळ्या चरातून न्यावी, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी आणि पिळाची जोडीच वापरावी. वीज बंद करून मल्टीमीटरने ए आणि बी यांच्यामधील रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध बसवले असतील, तर सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक मोकळे आहे, आणि ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रोध मध्येच बसवला आहे. लांबच्या मळ्यात दोन टोकांच्या जमिनीच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि आरएस-४८५ उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच तो सहन करते, म्हणून तिसरी, सामाईक तार टाळू नये.

चुका मोटारीशी न जुळता फक्त दुपारी होत असतील, तर उन्हाचा विचार करावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडमधील बंद पेटीत त्याहून अधिक तापते. स्वस्त बोर्डावर वेळ मोजायला क्रिस्टल नसतो, चिपमधील आरसी ऑसिलेटरच असतो, आणि तो तापमानाबरोबर सरकतो. अकरा बिटांच्या अक्षरात शेवटचा बिट योग्य जागी वाचला जाण्यासाठी दोन्ही बाजूंच्या वेगात फार तर चार-पाच टक्क्यांचा फरक चालतो. सकाळी तो फरक दोन टक्के असतो आणि दुपारी मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी फ्रेमिंगची चूक सीआरसीच्या सोबतीने वाढते, हीच त्याची ओळख. मी असे एक यंत्र टेबलावर आणून हेअर ड्रायरने तापवले आणि दहा मिनिटांत तीच चूक समोर उभी राहिली. क्रिस्टल असलेला बोर्ड बसवल्यावर ती गेली.

जे करू नये

चुका त्रास देतात म्हणून सीआरसीची तपासणी बंद करून ठेवलेली यंत्रणा मी पाहिली आहे. त्या मळ्यात व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला होता आणि केळीच्या मुळांशी पाणी साचले होते. हे कधीही करू नये, ‘तात्पुरते’ म्हणूनही नाही.

चुकलेल्या फ्रेमला उत्तर देऊ नये. मॉडबसमध्ये यंत्राने अशा वेळी गप्प बसायचे असते, कारण पत्त्याचा बाइटच बिघडलेला असू शकतो. विचारणाऱ्याने ठरावीक वेळ थांबावे, इनपुट बफर रिकामा करावा आणि तोच प्रश्न दोन-तीनदाच पुन्हा विचारावा. पुनर्प्रयत्नाने काम निभावते म्हणून मूळ दोष तसाच सोडणेही धोक्याचे आहे. पूर्णपणे विस्कटलेली फ्रेम सोळा बिटांच्या सीआरसीतून सुटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक असते. दिवसाला शंभर फ्रेम अशा विस्कटत असतील, तर सरासरी पावणेदोन वर्षांत एक खोटा आकडा खरा म्हणून आत येईल, आणि तो ओलाव्याचा असेल की व्हॉल्व्हच्या स्थितीचा, हे सांगता येत नाही. म्हणून पुनर्प्रयत्नांची संख्या यंत्रनिहाय मोजून ठेवावी. अनेक यंत्रे ०८ या फंक्शनच्या ०सी या उपफंक्शनवर स्वतःला दिसलेल्या चुकांची संख्याही देतात. ती आपल्या संख्येशी ताडून पाहिली की बिघाड जाताना होतो की येताना, हे कळते.

दुरुस्ती झाल्यावर दोन फ्रेम नीट आल्या म्हणून मळ्यातून निघू नये. नोंद चालू ठेवून किमान एक पूर्ण दुपार आणि विजेची एक पूर्ण पाळी जाऊ द्यावी, त्या वेळात मोटार चार-पाच वेळा बंद-चालू करावी, आणि शक्य असेल तर रजिस्टरमध्ये ०डी, ११, १३ आणि ८० च्या वरचे बाइट येतील अशा किमती मुद्दाम पाठवाव्यात. मग बॉड, पॅरिटी, यंत्रांचे पत्ते, रोधाचे मोजलेले ओहम आणि त्या दिवशीची चुकांची संख्या कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवावा.